सुदृढ बालक स्पर्धेला मी परीक्षक म्हणून येणार नाही, का ते वाचा

आपल्या मंडळाच्या महिला शाखेच्या सगळ्या मैत्रिणींना, आणि कार्यकारिणीतल्या भाऊमंडळींना पण (तुम्ही वाचाल का माहीत नाही, पण हॉलच्या किल्ल्या तुमच्याकडे असतात),

सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी तुम्ही चौघी घरी येऊन गेलात, पोहे खाल्ले, नातवाला मांडीवर घेतलं आणि निघता निघता सांगितलंत की यंदा गणपतीत सुदृढ बालक स्पर्धा परत सुरू करतोय आणि परीक्षक काकू तुम्ही, कारण एका वर्षात दोन नातवंडं, त्यातलं एक फॉरेनला, म्हणजे तुम्ही एकदम एक्सपर्ट. मी हसले आणि हो म्हणून टाकलं. आता नाही म्हणतेय. नुसतं नाही म्हटलं तर 'काकू जर्मनीला जाऊन आल्या, भाव खाऊन राहिल्यात' हे राजेंद्र नगरपासून रामबागपर्यंत संध्याकाळच्या आत पोचणार, इंदूर आहे, मला नका सांगू, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर लेकीचं बाळंतपण डिसेंबरमध्ये, जर्मनीत माग्डेबुर्ग नावाच्या गावात. तीन महिन्यांचा व्हिसा, तेवीस किलोची बॅग, आणि त्यात कपडे कमी, सामान जास्त. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, ओवा, वावडिंग, गुटीचा अख्खा डबा, त्यात मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, खारीक, आणि वर सहाण. एअरपोर्टवर जावयाने बॅग उचलली आणि विचारलं, आई, आत दगड आहे का? म्हटलं हो, दगडच आहे, चंदन उगाळायचा असतो तसा, पण बाळाचा.

तिकडचं काय काय सांगू. बाळ झालं की पुसून गुंडाळून दुसऱ्या खोलीत नाही नेलं, तसंच आईच्या छातीवर, अंगाला अंग लावून, वरून एक पांघरूण. तासाभरात प्यायला लागलं सुद्धा. तिसऱ्या दिवशी घरी, आणि चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली तर दारात एक साठीची बाई, हेल्मेट घातलेली, सायकलवरून आलेली, बाहेर बर्फ. ही हेबामे. म्हणजे सुईण, पण शिकलेली, लायसन्सवाली. पहिले दहा दिवस हवी तर रोज येते, मग मधून मधून, बारा आठवड्यांपर्यंत, आणि सगळा खर्च आरोग्य विम्यातून, आपल्या खिशातून काही नाही. मला वाटलं आल्या आल्या बाळाला बघेल. तर नाही, ती आधी माझ्या लेकीजवळ बसली. झोप झाली का, जेवलीस का, रडलीस का. रडलीस का हा प्रश्न मी आयुष्यात कोणाला बाळंतिणीला विचारताना ऐकला नव्हता. मग विचारलं डायपर किती ओले झाले, किती वेळा शी झाली, कोणत्या रंगाची. मग कुठे एका फडक्याच्या झोळीत बाळ घालून टांगत्या काट्याला लावलं, अगदी आपला भाजीवाला मेथीची जुडी लावायचा तसं.

वजन जन्मापेक्षा कमी भरलं. माझा जीव वर. म्हटलं बघ, मी म्हणत नव्हते, दूध पुरत नाही. लेकीने ते भाषांतर करून सांगायचं टाळलं, पण हेबामेला माझ्या तोंडावरूनच कळलं असावं. तिने सांगितलं की पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतंच, शेकडा सातपर्यंत तर काहीच विशेष नाही, दोन आठवड्यांत भरून येतं. आणि पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी मावतं किती, तर चमचाभर. म्हणून देवाने पण चमचाभरच दिलंय, ते घट्ट पिवळं.

ते पिवळं दूध म्हणजे चीक. आता माझी गोष्ट सांगते, लाज वाटते पण सांगते. ही लेक झाली तेव्हा माझ्या सासूबाईंनी, देव त्यांचं भलं करो, फार मायेच्या होत्या, माझ्याकडून तीन दिवस तो चीक पिळून टाकायला लावला, जड असतो म्हणून, बाधतो म्हणून, आणि बाळाला सोन्याची अंगठी मधात बुडवून चाटवली. आणि त्याच आठवड्यात गवळ्याकडे गाय व्यायली म्हणून घरात खरवस झाला, वेलदोडा केशर घालून, आणि मलाही वाटीभर दिला, पौष्टिक असतो खा म्हणून! गायीचा चीक आपल्याला चालतो, त्याच्यासाठी गवळ्याच्या मागे लागतो, आणि आपल्या पोटच्या पोराचा चीक मोरीत. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, हेबामेसमोर बसून आलं.

मध मी तिकडे पण नेला होता. ती म्हणाली एक वर्षापर्यंत मध नाही म्हणजे नाही, त्यात एका जंतूचे बीज असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि बाळ लुळं पडू शकतं, बोटुलिझम म्हणतात. गुटी पण नाही, सहा महिने दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही. मी दोन दिवस गाल फुगवून बसले. एवढी सहाण वाहून नेलेली! तिसऱ्या दिवशी तिने माझा बाळंतशोपाचा डबा उघडला, वास घेतला आणि ओरडलीच, डिल! मग दुसऱ्या दिवशी येताना तिकडच्या दुकानातला एक खोका घेऊन आली, पाजणाऱ्या बायकांचा चहा, लेकीने वाचून दाखवलं तर आत काय, बडीशेप, तिची चुलत बहीण अनीस, आणि शहाजिरं. मी हसायलाच लागले. म्हणजे तिकडच्या आज्या पण पाणी उकळून तेच पाजतात. आणि कोबी खाऊ नको, कांदा खाऊ नको, बाळाच्या पोटात गॅस होईल, हे पण तिकडच्या आज्या डिट्टो सांगतात. हेबामे म्हणाली याला काही पुरावा नाही, पण माझी आई पण हेच म्हणायची. मग आमची गट्टी जमली. लाडू मात्र तिने एकदम पास केले, पाजणाऱ्या बाईला रोज पाचशे-सहाशे कॅलरी जास्तीच्या लागतात, तूप डिंक सुकामेवा खुशाल खा म्हणाली, आणि स्वतः दोन खाल्ले.

दूध लाडवाने येतं का, तर तसं नाही हो. बाळ जेवढं ओढेल तेवढं शरीर बनवतं, साठून राहिलं की बनणं कमी होतं, एवढाच हिशोब आहे. वरचं पाजलं की बाळ कमी ओढणार, कमी ओढलं की कमी बनणार, मग आपण म्हणणार बघा, म्हटलं नव्हतं का. आणि बनलेलं दूध बाहेर यायला पान्हा फुटावा लागतो. बाई घाबरलेली असली, दुखत असलं, कोणी डोक्यावर उभं राहून बघत असलं, की पान्हा अडतो. त्याच्यामागे ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन आहे, ते मला तिकडे कळलं, पण आपल्या बायकांनी त्याला पान्हा हे नाव कधीच दिलेलं आहे, रडणं ऐकून पान्हा फुटला असं आपण म्हणतोच की. जे आपल्याच भाषेत आहे ते मला माग्डेबुर्गला जाऊन शिकायला लागलं.

आता तुम्हाला वाटेल काकू तिकडचे गोडवे गाऊन राहिल्या. थांबा. तिकडे दुपारी चार वाजता अंधार. बिल्डिंगमध्ये एवढी शांतता की फ्रीजचा आवाज मोठा वाटतो. हेबामे अर्धा तास येते आणि जाते, मग बाकीचे साडेतेवीस तास कोण? लेकीच्या मजल्यावरची एक जर्मन मुलगी, तिचं पण तान्हं, तिची आई रविवारी केक घेऊन यायची, दोन तास बसायची आणि गाडीत बसून परत. ती मुलगी हळूहळू रोज आमच्याकडेच येऊन पाजायला लागली. लेकीला म्हणाली तुमच्या घरात आवाज असतो. आवाज म्हणजे काय, मी कुकर लावायचे आणि इंदूरला व्हिडिओ कॉलवर जोरजोरात बोलायचे!

आणि तिकडे हे सगळं पूर्वीपासून असं पण नव्हतं. हेबामेच्या लहानपणी, म्हणजे पूर्व जर्मनी होती तेव्हा, तान्ही बाळं काचेपलीकडच्या वेगळ्या खोलीत, घड्याळ लावून चार चार तासांनी आणून द्यायचे, मध्ये रडलं तर रडू दे, सवय लागते म्हणे. आपल्या इकडच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायका तेव्हा बाळ कुशीत घेऊन झोपत होत्या. पण त्याच माग्डेबुर्गमध्ये १९१९ साली मारी एलिझे कायझर नावाच्या डॉक्टरणीने आईच्या दुधाची पेढी काढली, जर्मनीतली पहिली, आणि नंतर त्या पूर्व जर्मनीत जास्तीचं दूध नेऊन दिलं की बायकांना पैसे मिळायचे. आपल्याकडे मुंबईला सायन हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली, ती आशियातली पहिली. मी लेकीला म्हटलं यात नवीन काय, शंभूराजांना कापूरहोळच्या धाराऊने पाजलं, ही पेढी म्हणजे धाराऊच, फक्त फ्रीजमधली.

ट्राममध्ये, कॅफेत, कुठेही तिकडची बाई बाळाला सरळ पाजायला घेते, कोणी बघत नाही. मीच बघत होते. मग वाटलं, आपल्याकडे पण कुठे कोणी बघायचं? माझी आई ग्वाल्हेरहून इंदूरला सेकंड क्लासमध्ये येताना पाजायची, समोर चार परके पुरुष बसलेले, पदर टाकला की झाली खोली. पदर हीच खोली होती. साडी गेली, कुर्ती जीन्स आली, यायलाच हवी होती, मला काही तक्रार नाही, पण पदराबरोबर ती खोली पण गेली आणि तिच्या जागी आपण दुसरी काही बांधलीच नाही. म्हणून आजची सून लग्नकार्यात बाळ रडलं की बाथरूममध्ये जाऊन कमोडवर बसून पाजते. आपण कोणी बाथरूममध्ये बसून जेवतो का?

मार्चमध्ये मी परत आले. मेमध्ये सूनबाई. इंदूरचा मे, त्रेचाळीस डिग्री.

हॉस्पिटलचं नाव नाही घेत. सिझेरियन झालं, बाळ ठणठणीत, तरी सहा तास नर्सरीत. सिझेरियनवालीच्या पण छातीशी बाळ लगेच देता येतं हे मी तोपर्यंत शिकून आले होते, सिस्टरला म्हटलं तर ती म्हणाली, आंटी, अभी माँ को आराम करने दो, हमने ऊपर का पिला दिया है. विचारलं पण नाही. आणि मुलाच्या हातात चिठ्ठी, त्यावर पावडरच्या डब्याचं नाव, कंपनीसकट. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये अजून कडक केलाय, दोन वर्षांच्या आतल्या बाळांचं पावडरचं दूध, दुधाच्या बाटल्या, डब्यातलं खाणं यांची जाहिरात करायची नाही, फुकट सॅम्पल द्यायचं नाही, डब्यावर बाळाचा फोटो छापायचा नाही. एवढं सगळं कागदावर आहे. सरकारच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. म्हणजे दवाखान्यापर्यंत आपण पोचलो, पुढचा एक हात नाही पोचलो.

बरं, पावडरचं दूध म्हणजे विष असं पण मी म्हणत नाहीये. कोणाची आई आजारी, कोणाची गेलेली, कोणाला खरंच येत नाही, त्यांच्यासाठी ते आहे आणि असायला हवं, त्यांना कोणी टोचून बोलू नका. ते पण वाटी-चमच्याने दिलेलं बरं, नाहीतर बोंडलं आहे ना घरात चांदीचं, दक्षिणेकडची पलाडाई म्हणतात ती आपल्या बोंडल्याची बहीणच, आणि तिने मोठ्या दवाखान्यात नाजूक बाळांना पाजतात. बाटलीपेक्षा धुवायला किती सोपं, स्वच्छतेत नंबर वन शहराला एवढं तर पटेल.

घरी आल्यावर गर्दी. ही आपली श्रीमंती आहे, खरंच, जर्मनीत पैसे देऊन मिळणार नाही. पण गर्दी काय करते? पाचवीच्या दिवशी घरात चौदा बायका होत्या, मी मोजल्या. एक म्हणाली पाणी पाजा, एवढा उकाडा, घसा सुकला असेल (आईच्या दुधात भरपूर पाणी असतं, मेच्या उन्हात पण वरून लागत नाही). एक म्हणाली टाळू खोल दिसते. एक म्हणाली सारखं घेऊन बसते ही, म्हणजे पोट भरत नाही. सगळ्या मायेने. आणि सूनबाई भिंतीकडे तोंड करून पाजतेय.

त्या चौदा जणींत शहाणी एकच, ती पंधरावी, मालिशवाली. झाबुआ साइडची भिलाला बाई, शिकलेली नाही, स्वतःची पोरगी पाठीला बांधून यायची, मध्येच जिन्यावर बसून पाजायची आणि पुन्हा तेलाची वाटी घ्यायची. तिने सुनेला एवढंच सांगितलं, पिला दे बेटा, जब माँगे तब दे, घड़ी क्या देखना. हेबामेने तीन महिने जे जर्मनमध्ये सांगितलं ते हिने एका वाक्यात. फरक इतकाच की तिकडे नोकरी करणाऱ्या बाईला बाळ एक वर्षाचं होईपर्यंत कामाच्या वेळात रोज एक तास पाजायला मिळतो, पगार न कापता, कायद्यानेच. आपल्याकडे २०१७ पासून सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पन्नास किंवा त्याहून जास्त लोक असतील तिथे पाळणाघर हवं असं पण आहे, जर्मनीची बाळंतपणाची रजा तर चौदाच आठवडे (पुढे त्यांना पालक-रजा वेगळी मिळते, ती मोठी असते). पण आपली रजा माझ्या सुनेला, बँकेत आहे म्हणून. मालिशवालीची रजा म्हणजे माझा जिना.

आता येते रविवारवर. तुमच्यातल्या एकीने, नाव नाही घेत आणि मला तिचा रागही नाही, बाळाला उचललं आणि म्हणाली, हलका लागतोय गं, दूध पुरतंय ना? सूनबाई आत चहा गाळत होती. तिने ऐकलं. अडीच महिने नुसतं अंगावरचं पाजलं होतं तिने, टाके दुखत असताना, रात्री चार चार वेळा उठून. बाळ दिवसाला सात-आठ लंगोट ओले करतं, हसतं, मान धरायला लागलंय. त्या रात्री साडेअकराला माझा मुलगा गाडी काढत होता. कुठे चाललास म्हटलं तर म्हणाला मेडिकलवर, डबा आणायला, ती रडतेय.

मी त्याला थांबवलं, तिच्याजवळ जाऊन बसले. सल्ला दिला नाही. विचारलं, जेवलीस का, झोप झाली का. हेबामेची कॉपी केली सरळ सरळ. बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली आई, वजन खरंच कमी आहे का हो?

अशा मुलीला तुम्ही मला स्टेजवर बोलवायला सांगताय, बाळाला काट्यावर ठेवून, पहिला दुसरा तिसरा. ज्याला नंबर नाही आला त्याच्या आईने त्या रात्री काय करायचं? काही बाळं बारीक चणीचीच असतात, बाप बघा की! आणि मागच्या वेळी, स्पर्धा बंद पडायच्या आधी, बक्षीस काय दिलं होतं आठवतंय का, दुधाची बाटली आणि सिरियलचा डबा, स्पॉन्सरकडून, आणि मीच टाळ्या वाजवल्या होत्या.

स्पर्धा नको. त्यापेक्षा उष्टावण करा सगळ्या सहा महिन्यांच्या बाळांचं एकत्र, मऊ भात, वरण, तूप. तेवढ्यात फोटो पण छान येतील. माझी जर्मनीवाली नात आता आठ महिन्यांची, तिला पहिला घास गाजराचा मिळाला, आणि पुढे मांस घाला म्हणाले लोहासाठी, मी व्हिडिओ कॉलवर डोळेच मिटले, शेवटी डाळ आणि ओट्सवर तोडगा निघाला. ते असो.

आणि दुसरं, हे कार्यकारिणीतल्या भाऊंसाठी. हिरकणीची गोष्ट आपण दर शिवजयंतीला सांगतो, रायगडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्याला पाजायला ती कडा उतरून गेली, नाटुकल्यात आपल्याच मंडळाच्या दोन मुलींनी ती केलीय. महाराष्ट्रात एसटी स्टँडवर पाजणाऱ्या बायकांसाठी हिरकणी कक्ष आहेत. आपल्या हॉलमध्ये दहा दिवस रोज आरतीला एवढी माणसं, आणि हिरकणीला अजूनही कडाच उतरायला लागतो, म्हणजे पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसायला लागतं, एसी लावून. स्टेजच्या मागे मेकअपची खोली आहे, नाटक नसतं तेव्हा बंद, आत मोडक्या खुर्च्या आणि गेल्या वर्षीच्या मखराचा थर्माकोल. ती रिकामी करून द्या. हाताच्या दोन खुर्च्या, एक पडदा, आतून कडी, प्यायचं पाणी. पंखा मी देते, आमच्या गच्चीवरच्या खोलीतला उतरवून ठेवलाय. पुरुषांनी बाहेर बाळाची पिशवी धरून उभं राहायचं, जर्मनीत मी बघितलंय, जमतं त्यांना.

आत एकीने बसायचं. फक्त बसायचं, हलका भारी काही बोलायचं नाही, कोणी विचारलंच तर बोलायचं. रोज सात ते नऊ मी बसेन, गौरी जेवतात तो दिवस सोडून, त्या दिवशी घरी सोळा भाज्या असतात, कोणीतरी माझी पाळी घ्या. मालिशवालीला पण विचारलंय, ती दोन दिवस येते म्हणाली, तिच्या त्या दोन दिवसांचे पैसे मंडळाने द्यायचे.

किल्ली कोणाकडे आहे तेवढं कळवा, शनिवारी माणूस घेऊन येते आणि थर्माकोल काढून टाकते.

तुमचीच,
एक जुनी सभासद, दोन नातवंडांची आजी

ता. क. रविवारी जिने ते म्हटलं तिने हे वाचून वाईट वाटून घेऊ नये. मी पण माग्डेबुर्गमध्ये चौथ्या दिवशी अगदी तेच म्हटलं होतं, वर लिहिलंय.